लांबी सांग

या सदरातले अनुभव मी मेथी निवडता निवडता वाचते आणि हसते. वडाखालची बाई, मागून येणारा पैंजणांचा आवाज... आमच्या घरात असलं काही कधी चाललं नाही. मी घरांचे नकाशे काढणारी बाई, माझ्याकडं भिंत नऊ इंची म्हणजे नऊ इंची. म्हणूनच हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

परभणीत स्टेशन रोडला एका गाळ्यात आमचं प्लॅन काढायचं ऑफिस आहे. आमचे हे, शिवकांत, साइट बघायचे आणि कॉम्प्युटरवर मी बसायचे. बोरी-सोनपेठपासून गिऱ्हाईक यायचं, आणि प्रत्येकाची एकच तऱ्हा. पार्किंग, किचन, देवघर सगळं सांगणार, आणि प्लॅन छापून हातात दिला की म्हणणार, "साहेब, दारापुढचा ओटा राह्यला की." शेवटी वैतागून यांनी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे सॉफ्टवेअरला आपण शिकवलेली आपली स्वतःची कमांड. मी 'ओटा' टाइप केलं की ती लांबी विचारायची, आकडा दिला की ओटा काढून मोकळी. मग जिना, हौद, देवघर... सगळ्याच्याच कमांडी झाल्या.

गंमत अशी, की कमांडनं विचारायचे प्रश्नही यांनी स्वतःच्याच बोलीत लिहिले होते. वापरणारी मी एकटी, त्यामुळं "लांबी सांग", "कोणत्या बाजूला टाकू?", "झालं का?" असं चालायचं. तिथं देवनागरी उमटत नाही, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत. मी चिडवायचे, "घरी तोंडातून शब्द निघत नाही, इथं बरे बोलता." हे नुसते हसायचे.

मागच्या वर्षी हे गेले. हार्ट अटॅक. कमांडी मात्र राहिल्या. दिवसातून कितीदा तरी स्क्रीनवर यायचं — लांबी सांग. मला 'सांग' म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. रडायला यायचं आणि बरंही वाटायचं, दोन्ही एकदमच.

वसमत रोडला आमचा प्लॉट होता. लोकांची घरं काढता काढता आमचं राहूनच गेलेलं. भाड्याच्या घरात मन रमेना, म्हणून या उन्हाळ्यात मी आमच्या घराचा प्लॅन काढायला घेतला... आमच्या कसला, माझ्या. एक खोली, किचन, लहानसं देवघर. शेवटी ओटा. एकट्या बाईला टेकायला तीन फूट पुष्कळ झाले, असा हिशोब केला.

दुपारची वेळ होती. शेजारच्या टेबलावर आमच्याकडं काम करणारी शबाना. मी कमांड दिली. लांबी सांग. मी तीन टाकलं, एंटर दाबलं. ओटा आलाच नाही. पुन्हा तेच... लांबी सांग.

मला वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नसेल. परत तीन. परत लांबी सांग. चार टाकून बघितलं, तरी तेच. मशीन बंद करून चालू केली, तरी तेच. शबाना उठून आली. "मॅडम, तुमी कायतरी गलत दाबायलात, सरका जरा." तिनं तीन टाकलं आणि ओटा निमूट आला. मी तो पुसला आणि पुन्हा मीच टाकलं — लांबी सांग. आता ती एकदा स्क्रीनकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली. सोनपेठच्या एका गिऱ्हाइकाच्या प्लॅनमध्ये मी तीन टाकून बघितलं, तिथं चाललं.

"फक्त तुमच्याच घराला अडून बसलंय की हे," ती हळूच म्हणाली.

अडून बसणं हा यांचाच स्वभाव. ओरडणं नाही, वाद नाही, मनासारखं होईस्तोवर तेच ते शांतपणे विचारत राहायचं. मी सहा टाकलं, दोघांना ऐसपैस बसता येईल एवढं. ओटा आला. आणि खाली — झालं का?

टेबलावर डोकं ठेवून मी रडले. शबानानं पाणी आणून दिलं.

नंतर ओळखीच्या एका इंजिनिअरला तो मॅक्रो दाखवला. तो म्हणाला, "काकू, यात लांबी एकदाच विचारली आहे. परत विचारायला लावणारी ओळच नाही." मग जुनी मशीन, व्हायरस, मनावरचा ताण, सगळं सांगून झालं. ताण माझ्यावर असेल, शेजारी उभं राहून सगळं बघणाऱ्या शबानावर नव्हता.

घर बांधून झालं. मिस्त्री कुरकुरला होता, "ताई, एवढा लांब ओटा कशापायी? गाडी लावायला जागा उरंना." मी म्हणाले, "मापात हाय तसा करा." संध्याकाळी मी ओट्याच्या एका टोकाला बसते.

या गोष्टीचा उलगडा अजून झालेला नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो नकोच आहे. ऑफिसात काम नसलं की मी आमच्या घराचा प्लॅन उघडते, ओटा पुसते, कमांड देते आणि मुद्दाम तीन टाकते. ऐकू नये माझं, परत एकदा विचारावं, एवढीच आशा असते. पण आता तीन म्हटलं की तीनच फुटांचा ओटा येतो.