चोपड्याआधी चंद्र

आम्ही गोव्यातल्या पेडण्याची माणसं तिकीट काढताना अमावास्या टाळतो, राहुकाळ बघतो. मेलबर्नची तिकिटं काढताना आईने हे सगळं माझ्याकडून करून घेतलं, आणि तरी दोघींच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. तो दिवस नेमका संकष्टीचा निघाला.

आईच्या संकष्ट्या साध्यासुध्या नव्हेत. मेलबर्नला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला मूल होईना, तेव्हा आईने त्या धरल्या होत्या. दिवसभर नुसता चहा, आणि चंद्र डोळ्यांनी पाहिल्यावरच जेवण. आता बहिणीला आठवा महिना लागला होता आणि आम्ही बाळंतपणाला निघालो होतो. अशा वेळी उपास मोडायचा म्हणजे आईला अपशकुनच. पण तिला मधुमेह. त्यात शेजारच्या चोपडे गावची काकू, तीही संकष्ट्या करणारी, निरोप द्यायला आली ती म्हणाली, "इमानात खंयचो गे चंद्र? या खेपेक उपास मोडतलंस तू." आईचा उतरलेला चेहरा बघून मला काकूचा असा राग आला!

मोपाच्या विमानतळावरून दिल्ली, आणि तिथून पुढचं लांबलचक विमान. दिवस कलला तसे आईचे हात थरथरायला लागले. जेवण आलं. तिने मान हलवली.

"दोन घास खा. देव काही पोलीस नाही," मी चिडून म्हटलं.

"चंद्र दिसल्याबिगर मी खांवचंय नाय."

"तो उगवणार नऊला. तोवर घेरी येऊन पडशील."

"पडलंय तर उचल."

या बाईपुढे कुणाचं काय चालणार? मी फुरंगटून समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघत बसले. किती अंतर कापलं, किती उरलं. बंगालचा उपसागर मागे पडला होता आणि चिमुकलं विमान पूर्वेकडे सरकत होतं. एकदम डोक्यात उजेड पडला. चंद्र उगवतो पूर्वेला, आणि आम्ही त्याच्याच दिशेने निघालोय. नऊची वेळ गोव्याची. आम्हांला तो आधीच भेटणार!

आईला सांगितलं, तर म्हणाली, "गप रव. कॅलेंडरात नऊ छापलेत."

मी तिला खिडकीशी बसवलं. बाहेर काळोख झाला होता. माझ्या घड्याळात मात्र अजून गोव्याची दिवेलागण होती. ढगांची कड तांबूस झाली आणि तिच्यामागून किंचित चेपलेला चंद्र वर आला.

"इलो गे बाय, इलो!" आई एवढ्याने ओरडली की पुढचे लोक वळून बघायला लागले. तिने कागदी पेल्यातून चमच्याने अर्घ्य दिलं. त्यातलं निम्मं माझ्या ओढणीवर सांडलं. मग तो थंडगार वरणभात ती जेवली, माझ्या ताटातली भाजीसुद्धा संपवली. हळूहळू हात थरथरायचे थांबले. मला तर चंद्र मीच ओढून आणल्यासारखं वाटत होतं.

मेलबर्नला उतरल्यावर आईने आधी काकूला फोन लावायला लावला. "तू चंद्राची वाट बघत बसलंस, तेवा मी जेवून हात धुतलंय!" विमानतळभर ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं.

समोरून बहीण येत होती, कमरेवर हात ठेवून, सावकाश. आईने फोन माझ्या हातात कोंबला, पुढे होऊन तिच्या पोटावर तळवा ठेवला आणि आतल्या जिवाला हळूच म्हणाली, "एकय संकष्टी मोडूक नाय हां."