जरा बाजूला या

बाजूकाकांना दोन माणसांशी एकदम बोलता येत नसे. समोर तिघे उभे असले की ते त्यातल्या एकाचा दंड धरत, "जरा बाजूला या," म्हणत आणि त्याला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन जात. उरलेले दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहत. आम्हा दिल्लीत वाढलेल्या मुलांना बाजू म्हणजे हिंदीतली, म्हणजे दंड, एवढंच ठाऊक. ते सगळ्यांचे दंड धरतात म्हणून बाजूकाका, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आधीच सांगून टाकते, मला या माणसाला कधीच माफ करता आलं नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसले तरी अजून दात आवळले जातात. आणि तरीही माझं मराठी जे काही बरं आहे ते त्यांच्यामुळेच, ही माझी अडचण आहे.

लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरांत तेव्हा वीस-बावीस मराठी घरं होती. त्यांचं एक मंडळ होतं आणि त्या मंडळाला अध्यक्ष नव्हता. माझे बाबा आणि इनामदारकाका यांनी ते सुरू केलं तेव्हाच ठरवलं होतं की पाटी नको, खुर्ची नको, मतदान नको. रविवारी कोणाच्या तरी घरी सतरंजीवर बसायचं आणि सगळे हो म्हणेपर्यंत उठायचं नाही. गणपतीची मूर्ती किती उंच असावी यावर एकदा दुपारचे चार वाजले होते, पण ठरलं ते सगळ्यांचं ठरलं. बाबा याला कौतुकाने "आमचं गणराज्य" म्हणायचे. बाबा सांगलीचे, इनामदारकाका मिरजेचे. दोघांची ऑफिसं वेगळी, पण बस एकच. रोज सकाळी इनामदारकाका आमच्या जिन्याखाली उभे राहून हाक मारायचे आणि दोघे स्टॉपपर्यंत चालत जायचे. बाबांना इतकं मोकळं हसताना मी फक्त त्या रस्त्यावर पाहिलं.

बाजूकाका कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. बदली होऊन आले आणि पहिल्याच रविवारी म्हणाले, "अध्यक्ष नाही? मग निमंत्रणपत्रिकेवर नाव कोणाचं घालता?" सगळे हसले. ते हसले नाहीत.

मुलांना मात्र ते फार आवडायचे. थंडीच्या दिवसांत उन्हात खाट टाकून ते आम्हाला जुन्या गोष्टी सांगत. त्यांची लाडकी गोष्ट वैशालीची. तिथे राजा नव्हता. लिच्छवी लोक एकत्र बसायचे, एकत्र ठरवायचे आणि नगारा वाजला की एकत्र धावायचे, म्हणून मगधाच्या राजाला ते नगर काही जिंकता येईना. मग त्याच्या मंत्र्याने भांडणाचं सोंग केलं, स्वतःला हाकलून घेतलं आणि वैशालीत आसरा मागितला.

"काका, फिर काय झालं?"

"फिर नाही. मग."

"मग काय झालं?"

मग तो मंत्री एकेका लिच्छवीला बाजूला घेई आणि विचारी, आज जेवायला काय होतं? बस, एवढंच. परत आलेल्याला दुसरा विचारी, काय म्हणाला रे? तो म्हणे, जेवण विचारलं. यावर कोण विश्वास ठेवणार? तीन वर्षांनी दोन लिच्छवी एका वाटेने चालेनासे झाले. राजा चालून आला, नगारा वाजला आणि कोणी आलं नाही. इथे बाजूकाका रिकाम्या बिस्किटांच्या डब्यावर नगारा वाजवत, मग हात थांबवून कान देत, आणि आम्ही सगळी मुलं श्वास रोखून कान देत असू. एकदा बाबाही बाजूला उभे राहून ऐकत होते. "वा, काय सांगता हो!" म्हणाले. मला आज याचीच सगळ्यात जास्त चीड येते. माणसाने आपला बेत भर उन्हात, डबा बडवून सांगितला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी त्यांनी इनामदारकाकांचा दंड धरला. टाकीपाशी नेलं, कानाशी लागून काहीतरी बोलले, बाबांकडे एकदा पाहिलं आणि हसले.

इनामदारकाका परत आले तेव्हा बाबांनी विचारलं, "काय म्हणत होता?"

"काही नाही यार. उद्या डब्याला भाजी कोणती, म्हणाला."

"मग?"

"मग काय? दोडका, म्हटलं."

बाबा हसले, पण ते रस्त्यावरचं हसणं नव्हतं. पुढच्या रविवारी बाबांची पाळी आली. परत येताना बाजूकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरं, ते आपल्यातच राहू द्या हां!" बाबांना त्यांनी विचारलं होतं, स्वेटर घरी विणलाय का?

"स्वेटर?" इनामदारकाका म्हणाले. "स्वेटरला दहा मिनिटं लागतात?"

"तुझ्या दोडक्याला किती लागली होती?"

थोडे दिवस असेच गेले; दर रविवारी टाकीपाशी कोणा ना कोणाची पाळी येत होती. मंडळाला अध्यक्ष हवा, ही कुजबुज तोवर घरोघर पोचली होती, आणि एका संध्याकाळी आमच्या दारात उभं राहून इनामदारकाका म्हणाले, "तुला अध्यक्ष व्हायचंय तर सरळ सांग. मागून कशाला?" बाबा म्हणाले, "मागून कोण करतंय ते टाकीला विचार." आई पोहे घेऊन बाहेर आली तोवर इनामदारकाका जिना उतरून गेले होते. दुसऱ्या दिवसापासून बाबा घरातून दहा मिनिटं लवकर निघायला लागले, जिन्याखालून हाक यायच्या आत. हाक आलीच नाही, हे आईने त्यांना कधी सांगितलं नाही.

दर संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला जायची, काला अंबच्या युद्धस्मारकाला. तिथे तिळगूळ वाटून, शहिदांना हात जोडून परत. इतक्या वर्षांत ती कधी चुकली नव्हती. त्या वर्षी गेटपाशी धुक्यात बस उभी होती आणि बसमध्ये आम्ही चौघे: आई, बाबा, दादा, मी. बाबांनी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"और कितनी देर, बाबूजी?"

"आएँगे, आएँगे," बाबा म्हणाले.

आले फक्त बाजूकाका. माकडटोपी घालून, थर्मास घेऊन, अगदी वेळेवर. रिकाम्या बाकांकडे बघून म्हणाले, "अरेरे. आपल्या लोकांत एकीच नाही हो." मगधाच्या मंत्र्याला तीन वर्षं लागली होती. यांना एक हिवाळा पुरला.

बस गेली नाही. महिन्याभरात मतदान झालं आणि बाजूकाका अध्यक्ष झाले. निवृत्त होईपर्यंत तेच राहिले. पाटी आली, पत्रिकेवर नाव आलं आणि सतरंजी कोणाच्या तरी माळ्यावर गेली. बाबा पुन्हा मंडळात गेले नाहीत. इनामदारकाका निवृत्तीनंतर मिरजेला गेले, ते निरोप न घेताच.

खूप वर्षांनी, बाबा नोएडाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर, मिरजेहून एक पोस्टकार्ड आलं. "त्या दिवशी त्याने खरंच भाजी विचारली होती. दोडकाच होता. तू विश्वास ठेवला नाहीस. मी तुझ्या स्वेटरवर ठेवला नाही. येऊन जा." बाबांनी ते दादाला आणि मला वाचून दाखवलं, मग शर्टाच्या खिशात ठेवलं. दिवाळीनंतर जायचं ठरलं. दिवाळीच्या आधीच मिरजेहून फोन आला. बाबा फोन ठेवून इतके रडले की आम्हाला त्यांच्या जवळ जायचा धीर झाला नाही.

बाबांच्या तेराव्याला बाजूकाका आले. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी. फ्लॅटचं पुढे काय करायचं हे दादाचं आणि माझं ठरायचं होतं, त्यामुळे आम्ही दोघेही जरा जपूनच बोलत होतो. काका आत आले, फोटोला नमस्कार केला आणि माझा दंड धरला.

"जरा बाजूला ये."

बाल्कनीत नेऊन कानाशी लागून त्यांनी विचारलं, "आज भाजी कोणती केलीय?"

मुद्दाम विचारलं की वयाने आता हेच उरलं होतं, मला अजून सांगता येत नाही. मी परत आले. दादाने हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. भाजी विचारली."

दादाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. पाण्याच्या टाकीकडे बघणाऱ्या बाबांची होती.

मी बाल्कनीत गेले, या वेळी मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना भरल्या खोलीच्या मधोमध आणून उभं केलं. "काका, आता सगळ्यांसमोर विचारा."

ते गोंधळले. कोणाशी बोलायचं हे त्यांना समजेना. शेवटी काठीकडे बघत म्हणाले, "भाजी... भाजी कोणती केलीय, एवढंच."

"दोडका," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात लाल भोपळा होता. दादाला ते ठाऊक होतं, सकाळी त्यानेच तो आणला होता. तो उठला, माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "हो काका, दोडकाच."