बोटीवरचे कावळे

मोठी मोटरबोट घ्यावी की घेऊ नये, हे विचारायला माणसं माझ्याकडे येतात. लोणावळ्यात बंगला असलेली, पैसा कुठं घालावा ते न कळणारी माणसं. ती तिला यॉट म्हणतात. आमच्या गावात जहाज म्हणतात. मी त्यांना चहा पाजतो आणि खरं तेच सांगतो. तोटे ढीगभर आहेत. फायदा एकच आहे, आणि तो तुमच्या कामाचा नाही.

मला ही बोट मुंबईच्या एका शेटनं विकली. आत झोपायच्या दोन खोल्या, शेगडी, मोरी, वर गच्ची. व्यवहार झाला तसा त्यानं मला पेढे दिले. अरे, घेणारा मी, आणि पेढे वाटतोय विकणारा, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मी डोक्यात राख घातलेली, दुसरं काही सुचतच नव्हतं.

ट्रेलरवर घालून ती घाट चढून आली. कामशेतच्या बाजारात तारा बांबूनं वर उचलून धराव्या लागल्या. भाताच्या गिरणीवरची माणसं पांढरी झालेली तशीच बाहेर येऊन उभी. एका म्हातारीनं तर हात जोडले, तिला वाटलं कुठल्यातरी देवाचा रथ चाललाय. आमच्या मंडळी गाडीत माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की दारात हत्ती झुलवायची हौस असेल तर आधी दार तेवढं मोठं असावं लागतं.

बरोबरच होतं बायकोचं. ही बोट समुद्राची. पवना धरणात इंजिन तापेपर्यंत दुसरा काठ येतो. पावसाळ्यात मावळचा पाऊस चार महिने तिच्या गाद्यांत मुरतो, उशीवर बुरशी धरते. डिझेल पिते ती जत्रेतल्या पैलवानानं दूध प्यावं तशी. आणि उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की ती गाळात एका अंगावर कलंडते. पहिल्याच वर्षी माझ्या चुलत भावानं तिचा तसला फोटो काढून सगळ्या भावकीला पाठवला आणि खाली लिहिलं, म्हैस बसली. लय हसली म्हणे भावकी. हसा म्हटलं. बोट मी फिरायला घेतलीच नव्हती. त्या फोटो काढणाऱ्यावर उट्टं काढायला घेतली होती.

का, ते सांगतो.

आमचं जुनं गाव धरणात गेलं. उरलेल्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा पाण्याकाठचं शेत चुलत्याकडं गेलं आणि आमच्या वाट्याला डोंगराकडचं खडकाळ रान आणि कुसगावचा एक तुकडा आला. पुढं कुसगावच्या तुकड्यावर हॉटेल झालं आणि मी पैशात आलो. चुलत भावानं काठावर तंबू लावले. पुण्यामुंबईची पोरं शनिवारी यायची, शेकोटी करायची, गाणी लावायची. त्याचंही बरं चाललं. इथपर्यंत कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं.

पण त्या शेतातून पाण्याला जाणारी जी वाट आहे ती आख्ख्या गावाची. गावातल्या कुणाचंही दहावं त्याच काठावर व्हायचं. आजोबांचं झालं, माझ्या बापाचं झालं. पाण्याखाली त्याच जागी जुना घाट आहे, म्हणून. माझी आई शेवटच्या दुखण्यात मला म्हणाली होती, मला तुझ्या बापापाशीच पाणी दे, लांब कुठं नेऊ नको. दुसरं काही मागितलं नाही तिनं.

आईच्या दहाव्याला आम्ही पिंडाचं सामान, गुरुजी, न्हावी, सगळी भावकी घेऊन गेलो, तर वाटेवर नवं लोखंडी गेट. त्याला कुलूप. आतून चुलत भाऊ आला. माझ्यापेक्षा लहान, माझ्या आईच्या हातचं खाऊन वाढलेला. गेट उघडलं नाही. गजांमधून म्हणाला, "दादा, आज संडे हाये. गेस्ट हायेत. कामशेतला नदीवर उरकून घ्या."

उरकून घ्या. माझी आई म्हणजे काय उरलेलं खुरपण होतं? मी गेटला हात घातला तर चार जणांनी मला मागं ओढलं. मयताच्या कामात भांडण नको म्हणाले. मी म्हटलं, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. पण ऊन चढत होतं, गुरुजींना पुढं जायचं होतं. गेलो कामशेतला.

इंद्रायणीच्या काठी पिंड ठेवले. कावळा नाही. झाडावर दोन बसले होते, तेही उडून गेले. भावकीतल्या एकेकानं हात जोडून वचनं दिली, म्हातारे, तुझ्या सुनेला सांभाळू, तुझी गाय विकणार नाही. मला माहीत होतं ती कशाला अडून बसलीये ते. पण ते वचन देणं माझ्या हातात नव्हतं. दुपार कलली तसं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिवला. माझ्या आईला शेवटी गवताचा कावळा मिळाला. त्या घरातून एकटी माझी चुलती आली होती, चुलत भावाची आई. कशी आली कुणास ठाऊक, तोंडाला पदर लावून मागं बसली होती. निघताना म्हणाली, "त्याच्या गेटाची चावी माझ्यापाशी नसती रं."

काकीवर माझा राग नव्हता, कधीच नाही. पण ते गेट आहे तोवर त्या काठावर मी पाय ठेवणार नाही अशी त्या दिवशी शपथ घेतली. जमिनीवरून तो मला अडवतो ना? मग मी पाण्यावरून येतो.

बोट आली ती पलीकडच्या गावाच्या काठाला बांधली. तिथवर जायचं तर धरणाला वळसा घालून जावं लागतं, हा आणखी एक तोटा. पण शनिवार आला की मी आणि माझा बोट चालवणारा, अलिबागकडचा वयस्कर माणूस, सरळ त्याच्या तंबूंसमोर येऊन नांगर टाकायचो. इंजिन चालू ठेवायचो. धडधड धडधड. त्याची गिऱ्हाइकं पाणी बघायला पैसे देऊन आलेली, त्यांना दिसायचं काय, तर माझ्या बोटीचं बूड. दुसऱ्या वर्षी त्याचीच गिऱ्हाइकं माझ्या बोटीत जेवायला यायला लागली. रिकाम्या तंबूंच्या रांगेत तो एकटा फिरताना दिसला की मला रात्री शांत झोप लागायची. हाच तो फायदा. शेट लोकांना हा काय उपयोगाचा?

एक मात्र मी धरलं नव्हतं. कावळे. बोटीवर जेवणं व्हायला लागली, तसे काठावरच्या झाडांवरचे कावळे आमच्याकडं आले. आधी चार, मग सगळे. कठड्यावर रांगेनं बसायचे, बोट हळू चालली की फुकट फेरी मारायचे, पांढऱ्या गच्चीची पार वाट लावायचे. हाकलून थकलो. रात्रीही आमच्याच काठाला मुक्काम. काठावरची आंब्याची झाडं मोकळी पडली.

इंजिन मी एकाच माणसासाठी बंद करायचो. काकी काठावर आली की. कपाळावर हात धरून ती बोटीकडं बघायची, आणि तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून मी चावी फिरवायचो. ती विचारायची, जेवलास का रं? मी म्हणायचो, व्हय. मग ती ओच्यातली भाकरी काढून कुस्करून काठावर टाकायची, आणि कावळे माझ्या कठड्यावरून उठून तिच्या पायापाशी उतरायचे. पुढं पुढं तर त्यांना इतकी सवय झाली, की त्या काठापाशी इंजिन बंद झालं, काकी असो नसो, ते उठायचेच. बोटीत एकदा बस म्हटलं तर ती म्हणायची, "माझ्या दारातनं बसव. पलीकडनं न्हाई बसायची." आणि तिच्या दाराला मी बोट लावत नव्हतो.

काकी गेली. मयताला वैर नसतं, मी गेलो, खांदा दिला. स्मशान वरच्या अंगाला आहे, तिथं गेट लागत नाही. सुतक पाळलं, बोट बांधून ठेवली. पण दहावं त्याच काठावर, आणि तोही रविवार. स्वतःच्या आईसाठी त्यानं गेट उघडलं होतं आणि तंबू पाडून ठेवले होते. हे कळलं तसं माझं टाळकं फिरलं. मी भावकीबरोबर गेलो नाही. सकाळी डोकं भादरून बोटीत बसलो, गिऱ्हाईक नाही, फक्त आम्ही दोघं आणि कठड्यावर कावळे, आणि काठापासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबलो. इंजिन चालूच ठेवलं.

पिंड मांडले, सगळे मागं सरले. झाडं रिकामी. आकाश रिकामं. गावातला एकूण एक कावळा माझ्या बोटीवर बसलेला, आणि सगळी भावकी माझ्याकडं बघतेय. वचनं सुरू झाली. नातवांची लग्नं करू, लेकीला अंतर देणार नाही. कावळे मान वाकडी करून इंजिनाची धडधड ऐकत होते. कुणीतरी म्हणालं, म्हातारीचं जहाजात बसायचं राहिलं. तसे सगळेच म्हणायला लागले, जहाज जवळ बोलवा.

चुलत भाऊ गुडघाभर पाण्यात आला. भादरलेलं डोकं, ओला पंचा. किती वर्षांनी तो माझ्याशी बोलत होता. म्हणाला, "दादा, बोट काठाला घे."

मी कठड्यावरच्या रांगेकडं हात केला. "आज संडे हाये," म्हटलं. "गेस्ट हायेत."

काठावर कुणी हललं नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघायला मी ती बोट घेतली होती, डिझेल जाळलं होतं, बुरशीतल्या गाद्या उन्हात घातल्या होत्या. पोट भरून बघितलं. मग बोट चालवणाऱ्याला खुणावलं आणि आम्ही काठाला टेकलो. इंजिन चालूच. कावळे जागचे हलले नाहीत.

त्याला रडू फुटलं. म्हणाला, "आता काय करू ते तूच सांग."

"गेट काढ," मी म्हटलं. "कुलूप न्हाई, गेटच. ज्याच्या घरात मयत व्हईल त्यानं हितं यायचं, मग संडे असू दे न्हाईतर दिवाळी. मोठ्यानं म्हण. काकीला ऐकू जाऊ दे."

तो पिंडाकडं वळला, हात जोडले आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "आये, गेट काढतो. पुन्यांदा कुणाला अडवणार न्हाई."

मी चावी फिरवली. धडधड थांबली. क्षणभर काही नाही, आणि मग कठड्यावरून सगळे एकदम उठले आणि काकीच्या पिंडांवर उतरले. एका नव्हे, सगळ्या पिंडांना चोची लागल्या. बाया रडायला लागल्या. गुरुजी म्हणाले, असा लगेच शिवलेला कावळा त्यांनी बघितला नव्हता. म्हातारीचा जीव गेटात अडकला होता, असं आजही गावात सांगतात. चावीचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. सांगू कशाला? काकीनंच शिकवलेले कावळे होते ते, तिच्याच भाकरीचे. ते तिच्याकडंच गेले. त्यात माझी काय लबाडी?

दुसऱ्या दिवशी त्यानं गॅस कटर आणून गेट कापलं. लोखंड भंगारात गेलं. जिंकलो मी. आता तो मला रस्त्यात भेटला की खाली बघतो.

आईच्या तिथीला मी पायी गेलो, त्या मोकळ्या वाटेनं. बोट नेली नाही मुद्दाम. काठावर दगड धुऊन त्याच्यावर भात, वरण, तिला आवडायची ती अळूची वडी ठेवली. म्हटलं, आई, हे बघ, आणली तुला बापाच्या शेजारी. आणि मागं सरून उभा राहिलो.

आंब्यावर एक पाखरू नव्हतं. पलीकडच्या काठाला माझी बोट बांधलेली दिसत होती, पांढरी, आणि तिच्या कठड्यावर काळी रांग. हाका मारल्या मी, का का करून, लहान पोरासारख्या. एकानंही मान वळवली नाही. फोन काढला, अलिबागवाल्याला सांगितलं असतं तर त्यानं बोट आणली असती, इंजिन बंद केलं असतं, सगळे आले असते, वडीचा तुकडाही राहिला नसता.

पण ते चावीला आले असते, माझ्या आईला नाही. हे त्या काठावर एकट्या मलाच माहीत होतं. फोन खिशात ठेवला आणि भातावर मुंग्या चढेपर्यंत तिथंच उभा राहिलो.