राजारामकाकांची जागा

काय काम करतेस, असं कुणी विचारलं की सुलेखा वासनिक सांगायची, "एअरलाइनमध्ये आहे." समोरचा लगेच खूश. फुकट तिकिटं, परदेशी सहली, असलं काहीबाही त्याच्या डोळ्यांपुढे यायचं. खरं काम असं, की वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाच्या काउंटरवर उभं राहायचं आणि फ्रँकफर्टच्या विमानात बसणाऱ्यांचे पासपोर्ट तपासायचे. युरोपवाल्यांनी आपली वेस उचलून व्हर्जिनियात आणून ठेवली होती आणि तिच्या राखणीला नागपूरच्या इंदोऱ्यातली बाई बसवली होती. कागद नीट नसलेला माणूस तिकडे उतरला, तर दंड एअरलाइनला आणि बोलणी काउंटरवाल्याला. सरकारांची हुशारी बघा. स्वतःच्या दारात कटकट नको, म्हणून कुलूप दुसऱ्याच्या अंगणात लावायचं.

पहिल्या वर्षी ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. एकदा एका पंजाबी म्हाताऱ्या जोडप्याची दया आली आणि तिने त्यांना अपुऱ्या कागदांवरच विमानात सोडलं. तिकडे त्यांना अडकवून ठेवलं आणि उलट्या विमानाने परत पाठवलं. म्हातारी काउंटरसमोरून व्हीलचेअरवर गेली ती सुलेखाकडे न बघताच. वर सुलेखाला वॉर्निंग मिळाली. नवऱ्याची, संजीवची, कॉन्ट्रॅक्टची नोकरी आज आहे तर उद्या नाही. घरातल्या सगळ्यांचा मेडिकल इन्शुरन्स तिच्याच नोकरीवर. तेव्हापासून ती दया वगैरेच्या भानगडीत पडली नाही. "आय ॲम सॉरी, आय कॅनॉट बोर्ड यू," हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली, की तिची लेक पायल बाहुल्यांना रांगेत उभं करून तेच म्हणायची. संजीव हसायचा. सुलेखाला हसूही यायचं नाही आणि वाईटही वाटायचं नाही. बधिर झाली होती बाई, दुसरं काय.

राजाराम रामटेके तिचे सख्खे काका नव्हते. वडील वारल्यावर कॉलेजसाठी तिला कुणी ठेवून घेईना, तेव्हा पोस्टातल्या या कारकुनाने आपल्या इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांत तिला जागा केली. खरं तर शोभनाकाकूंनी केली. काकांनी नुसती मान हलवली. सुलेखा अभ्यासाला बसली की काकू भांडीसुद्धा अंगणात नेऊन घासायच्या, आवाज नको म्हणून. आईने केलं नसतं इतकं त्या माउलीने केलं.

सत्त्याण्णव साली काका डलेसजवळच्या हर्नडनला मुलाकडे, विवेककडे आले, नातवाच्या नामकरणासाठी. गुडघ्यांमुळे काकूंना प्रवास झेपण्यासारखा नव्हता, म्हणून त्या मागेच राहिल्या. नातवाच्या पायी काकांचा मुक्काम लांबला. विवेकने रीतसर अर्ज करून राहण्याची मुदत वाढवून घेतली. आणि डिसेंबरात नागपूरहून फोन आला. काकूंना हार्ट अटॅक आलाय, शुद्धीवर आहेत, पण डॉक्टर फार दिवस सांगत नाहीत. काकू स्वतः फोनवर विवेकला एवढंच म्हणाल्या, "बाबांना म्हणावं, या आता."

विवेकने धावपळ करून सुलेखाच्याच एअरलाइनचं तिकीट काढलं. आपली ताई आहे तिथे, मग काळजी कसली. तिने फोनवर विचारलंही, "व्हिसा चालू आहे ना?"

"आहे ना ताई. एक्स्टेन्शन मिळालंय."

रात्रंदिवस हेच काम करणारी ही बाई. त्या वेळी एक प्रश्न आणखी विचारला असता तर? पण शोभनाकाकूंचं ऐकून तिच्या डोक्यात काहीतरी बंद पडलं होतं. "बरं, या," ती म्हणाली.

काका विवेकचा जुना कोट घालून आले. हातातल्या पिशवीत काकूंच्या गुडघ्यांसाठी घेतलेले पट्टे होते. "जयभीम, सुलेखा," ते म्हणाले. तिने हळूच जयभीम म्हटलं आणि पासपोर्ट उघडला. पासपोर्टवरचा व्हिसा ऑक्टोबरातच संपला होता.

मुदतवाढीचा कागद अमेरिकेत राहायला पुरेसा होता, फ्रँकफर्टच्या बाकावर तीन तास बसायला नव्हता. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा नसला, तर तिथे नुसतं विमान बदलायलाही वेगळा व्हिसा लागायचा. का, तर विमान बदलता बदलता माणूस पळून गेला तर? मरणाच्या दारातल्या बायकोकडे निघालेला म्हातारा जर्मनीत कशाला पळेल, हे विचारायची त्या नियमात सोय नव्हती. विवेकने निघायचं ठिकाण बघितलं होतं, पोचायचं बघितलं होतं. मधला मुक्काम कुणाच्या लक्षात येतो?

तिने सुपरवायझरला, डेबीला, बोलावलं. डेबीने कागद बघितला, फोन लावला, नकारार्थी मान हलवली.

"ताई, यार, तीन तासांचा प्रश्न आहे," विवेक म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "कॉफी पिऊन दुसऱ्या फ्लाइटमध्ये बसतील. आई वाट बघतेय. तुम्ही तिच्या हातचं खाल्लंय."

"माहीत आहे मला."

"मग?"

सुलेखाने पासपोर्ट मिटून काउंटरवर सरकवला. तिच्या तोंडून ते वाक्य निघालं, तेच, इंग्रजीत. स्वतःच्या काकांना ती इंग्रजीत बोलली.

काकांनी विवेकच्या दंडावर हात ठेवला. "काहून तिच्या पोटावर पाय देतो रे? ती काय मुद्दाम करते?" मग तिच्याकडे वळले. "होतच नाही का गं?"

"नाही होत, काका."

"बरं," ते म्हणाले आणि पट्ट्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दोघं दाराकडे गेले. सुलेखाने पुढच्या माणसाला बोलावलं.

ख्रिसमसची गर्दी. स्टँडबायवर बसलेल्या एका तरुणाला काकांची जागा मिळाली. होता आपल्याच शेजारच्या देशातला. कागद एकदम चोख: व्हिसा चालू, फ्रँकफर्टहून पुढे घरापर्यंतचं तिकीट. "थँक यू, मॅडम," तो दोनदा म्हणाला. निदान याचं काम तरी सरळ झालं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी डेबीने सांगितलं. त्या पोराने पासपोर्ट फाडून विमानाच्या संडासात टाकला होता आणि फ्रँकफर्टला उतरून, मला परत पाठवू नका, म्हणून आसरा मागितला होता. आता काही वर्षं तरी तो तिथून हलत नाही. "तुझी काही चूक नाही," डेबी म्हणाली. "यू डिड एव्हरीथिंग राइट." काकांच्या वेळीही ती हेच म्हणाली होती.

काकांना दुसऱ्या वाटेने तीन दिवसांनी जागा मिळाली. ते नागपूरला पोचले तेव्हा काकूंना नेऊन झालं होतं. विवेकचा फोन आला तेव्हा सुलेखा युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तिने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि उरलेली बाही पूर्ण केली. रडायला हवं, हे तिला कळत होतं. रडू आलं नाही. पुण्यानुमोदनाला ती विवेकच्या घरी गेली, तर त्याची बायको, उपासना, हिने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि पायलची चौकशी केली. कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्यापेक्षा कुणी चार शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं.

नागपूरला फोन करायचं ती टाळत होती. शेवटी फेब्रुवारीतल्या एका रविवारी संजीवनेच नंबर फिरवून रिसीव्हर तिच्या हातात दिला.

काका थंडीबद्दल बोलले, पायलच्या शाळेबद्दल बोलले. सुलेखा हो, नाही करत राहिली. काकूंचं नाव तिच्या ओठांवर येईना. मग काकाच म्हणाले, "एक विचारायचं होतं. त्या दिवशी माझी जागा रिकामीच गेली का गं?"

"नाही काका. एका पोराला मिळाली."

"त्याले पण घाई होती?"

"हो."

"मग, पोचला का तो?"

"हो काका, पोचला."

"चला, बरं झालं," काका म्हणाले. "कोणीतरी वेळेवर पोचलं."

मग ते आणखी काहीतरी बोलले, पायलला आशीर्वाद सांग असं काहीतरी, आणि त्यांनी फोन ठेवला. सुलेखा रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी होती. संजीवने येऊन तो हातातून काढून घेतला, तेव्हा तिची बोटं सुटेनात.