पळण्यात पटाईत

आमच्या रस्त्यावरच्या गाडेवाल्यांना एक विद्या मात्र पक्की येत होती, पळण्याची. लातूरच्या त्या कोपऱ्यावर अतिक्रमणवाल्यांची पांढरी जीप वळली, की शेजारचे कुलूप-किल्लीवाले चाचा आपल्या पत्र्याच्या पेटीवर हातोडी बडवायचे. मग चहावाला किटली घेऊन, भाजीवाली टोपलं घेऊन आणि मी माझा कटलरीचा गाडा ढकलत गल्लीत. टिकल्या, बांगड्या, पिना, सगळं एका चादरीत. साहेब येऊन बघतात तर रस्ता झाडून ठेवल्यासारखा मोकळा. इतक्या वर्षांत मला एकदाही दंड झाला नव्हता आणि त्याची मला भारी घमेंड होती.

मग लॉकडाऊन लागलं. लग्नं नाहीत, जत्रा नाहीत, आणि मास्क बांधलेल्या बाईला लिपस्टिक कोण विकणार? घरात बसून आम्ही भांडवलच खाल्लं. रस्ते उघडले तेव्हा गाड्यावर थोड्या बांगड्या आणि उन्हानं विटलेल्या टिकल्या उरल्या होत्या. आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, मजुरीही लागली तर लागली. तेवढ्यात सरकारनं फेरीवाल्यांना धंदा पुन्हा उभा करायला कर्ज जाहीर केलं. त्यासाठी सर्वेत नाव पाहिजे होतं.

सर्वेवाले आले ते तसल्याच पांढऱ्या जीपमधून. चाचांनी पेटी बडवली आणि आम्ही सगळे पळालो. गल्लीच्या तोंडाशी लपून मी बघत होते. एक पोरगेलासा साहेब हातात मोबाईल धरून मोकळ्या रस्त्याकडं पाहत राहिला, त्यानं त्या रस्त्याचाच फोटो काढला आणि गेला. आम्ही पोट धरून हसलो. संध्याकाळी कळलं, की तो आमची नावं लिहायला आला होता आणि इथं एकही फेरीवाला नाही असं लिहून गेला. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि आम्ही तोंड धुवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेची कचेरी गाठली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पुन्हा सर्वे कधी होईल सांगता येत नाही. त्या जागी धंदा करता याचा काहीतरी पुरावा आणा. दंडाची पावती असली तरी चालतंय."

मला हसावं की रडावं कळेना. जे ढिले होते, जीपला सापडत होते, त्यांच्याकडं पावत्या. आम्ही पडलो चलाख, म्हणून कोरडे. स्वतःचा असा राग मला कधी आला नव्हता.

घरी मालक म्हणाले, "चाकूरचा केळीवाला गाडा विकत मागतोय. देऊन टाकू."

"गाडा गेल्यावर मी काय करू? लोकाच्या घरची भांडी घासायला मी जाणार न्हाई. पावती आणते, तवर थांबा."

"अन् त्यांनी गाडाच उचलून नेला तर?"

भीती मलाही तीच होती.

अतिक्रमणवाल्यांची जीप आली ती भर दुपारी. पेटी वाजली आणि माझे पाय सवयीनं गल्लीकडं वळले. मी त्यांना दटावून थांबवलं, गाड्याच्या चाकापुढं दगड लावला आणि उभी राहिले. पेटी खांद्यावर मारून निघालेले चाचा ओरडले, "माय, पळ की. डोकं फिरलं का तुझं?"

"आज न्हाई पळत, चाचा."

साहेब खाली उतरले आणि त्यांनी गाड्यावर हात ठेवला. मी म्हणाले, "गाडा उचलू नका साहेब. दंड करा. पण पावतीवर जागा लिहा, धंदा लिहा, माझं नाव नीट लिहा."

"बाई, लोक पावती नको म्हणून पाया पडतात."

"मी पावती पाहिजे म्हणून उभी हाय."

कशाला पाहिजे, ते मी सगळं सांगितलं, रिकाम्या रस्त्याच्या फोटोसकट. त्यांच्याबरोबरचा शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी गाड्यावरचा हात काढला, खिशातला पेन काढला आणि गाड्याच्या फळीवर पावतीपुस्तक ठेवून लिहायला लागले. मी सकाळपासूनच्या विक्रीचे सगळे पैसे दंडापोटी त्यांच्यापुढं ठेवले.

पावती हातात घेऊन मागं वळले तर चाचा परत आलेले. पेटी खाली ठेवून म्हणाले, "साहेब, माझी बी फाडा." त्यांच्यामागं भाजीवाली, डोक्यावर टोपलं तसंच.

"आज काय खूळ लागलंय तुम्हाला," साहेब पुटपुटले, पण लिहीत राहिले.

पुढं कर्ज मंजूर झालं, माल भरला, केळीवाल्यानं दुसरीकडं गाडा बघितला. पण मला आठवते ती दुपारच. आमच्यासमोरून जीप निघून गेली आणि आम्ही आमच्या जागेवर होतो.