बाल्कनीतली गादी

धाकटी काही विसरणाऱ्यांतली नव्हती.

पोरगी तान्ही असताना तिचा कान दाखवायला ती मोठ्या शहरात थोरल्या जाऊबाईंकडे उतरली होती. घर चांगलं ऐसपैस, पण हिला जागा मिळाली बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी. गादी दिली, चादर नाही. "धुवायची कोणी?" जाऊबाई म्हणाल्या. कानाच्या ठणक्याने पोर रडायला लागली, तसा आतून आवाज आला, "हे घर आहे की धर्मशाळा?"

त्या शहरातली हॉटेलं परवडतात कोणाला! परीक्षा असो, डॉक्टर असो, अख्खं सासर नाक मुठीत धरून थोरलीकडेच उतरायचं. थोरलीचा सगळा तोरा त्यावरच उभा होता, हे धाकटीने बरोबर हेरलं. भांडायचं कशाला? पाहुणेच पळवायचे!

मग बाईने शहर पिंजून काढलं. मुलीच्या तपासणीला आली की हॉटेलं बघत हिंडायची. पाटीला भुलायची नाही. आधी बाथरूम बघायची, मग उशी हुंगायची, भाव सगळ्यात शेवटी. बाजारातल्या हॉटेलांत कंपन्यांचे विक्रेते उतरतात, शनिवारी ते घरी पळतात आणि मालक माशा मारत बसतो. तेव्हा गेलं की खोली निम्म्यात मिळते, हे तिला कळलं. लिफ्टला लागून असलेली खोलीही स्वस्तात जायची. "खडखडाट परवडला बाई, टोमणे नाही," ती म्हणायची.

आधी नणंदेला पाठवलं, मग मामेसासऱ्यांना. हळूहळू जो तो धाकटीलाच फोन करायला लागला. "आताशा कोणी फिरकत नाही गं," थोरली कुरकुरायची. "तुम्हाला त्रास नको म्हणून हो!" धाकटी साखर पेरायची आणि फोन ठेवून पोटभर हसायची.

एकट्या सासूबाई राहिल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्या थोरल्या मुलाकडेच जाणार, असं सगळे धरून चालले होते. त्या गेल्या असत्या तर इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी! धाकटीने त्यांना गाठलं. "तिथं अंघोळीचं पाणीसुद्धा मोजून मिळेल. हॉटेलात आम्ही सगळे सोबत असू."

"मग मला तुझ्या हॉटेलातच ने," म्हातारी म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हॉटेलात घेतलेल्या तिन्ही खोल्या माणसांनी गजबजल्या होत्या. पत्ते रंगले होते. दार वाजलं. बघतात तर थोरली, हातात फळांची पिशवी. सासूबाईंजवळ बसली ती उठेचना. नवरा कामासाठी बाहेरगावी, मुलगा परदेशात. शेवटी धाकटीला बाजूला घेऊन म्हणाली, "घर खायला उठतं गं. आजची रात्र राहू का इथे?"

"खोल्या भरल्यात, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "बाल्कनी आहे."

आता भडका उडणार म्हणून ती कंबर कसून उभी राहिली. इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेली उत्तरं अगदी ओठांवर आली होती.

"चालेल," थोरली म्हणाली.

मेलीने भांडायचंसुद्धा सुख दिलं नाही! धाकटीने मुकाट्याने गादी ओढत नेऊन बाल्कनीत टाकली. नणंद कपाटातून चादर काढायला गेली, तसा तिने नणंदेचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "धुवायची कोणी?"