काकूंच्या नावाची डबी

माझ्या कामाला एका जागी बसावं लागत नाही, म्हणून मी बसत नाही. लॅपटॉप, दोन चार्जर, एक कुकर आणि कांदा-लसूण चटणीची बरणी, एवढ्या संसारावर चार-सहा महिने या गावात, चार-सहा महिने त्या गावात. प्रयोगशाळा रोगजंतूंची जनुकं वाचून माहिती पाठवतात आणि मी ती संगणकावर तपासते. कुठला जंतू आहे, कुठल्या औषधाला दाद देत नाही, कुठून कुठे पसरतोय. लखनौला तेलीबागेत वरच्या मजल्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंना मी हे सगळं सविस्तर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. बरं, जेवतेस कुठं?"

त्या क्षणापासून त्या माझ्या काकू. मूळच्या साताऱ्याकडच्या. काका फौजेत सुभेदार होते, शेवटचं पोस्टिंग इथलं, मग इथेच घर बांधून राहिले. काकांचं मराठी अर्ध्या वाक्यात हिंदीत घसरायचं. "अगं, सब्जीवाला भैया आला बघ. मेथी अच्छी असेल तर घे यार." बायकोला यार म्हणणारे सुभेदार मी पहिल्यांदाच बघत होते.

मी तशी तोंडाळ. इंटरनेट गेलं की जिना दणदणत खाली यायची आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. काकू हातात पोह्यांची बशी द्यायच्या. तोंडात घास असला की शिव्या देता येत नाहीत, हे त्यांचं साधं शास्त्र. दोनदा वैतागून मी हजरतगंजच्या एका कॅफेत जाऊन काम केलं, तर संध्याकाळी काका फाटकात उभे. "घरात जागा कमी पडली का?" त्यानंतर माझं टेबल खालच्या खोलीत, त्यांच्या राउटरच्या शेजारी आलं.

थंडीत काकूंना खोकला धरला. धुकं आहे, होतो खोकला, म्हणत त्यांनी महिना काढला. मग एक्स-रेत छातीवर पुसटसा डाग दिसला. सरकारी केंद्रातल्या डॉक्टरांनी टीबीची शंका बोलून दाखवली आणि थुंकीसाठी प्लॅस्टिकची डबी दिली. सकाळी उठल्याउठल्याची पहिली थुंकी, आठच्या आत पोचवायची. थुंकीतूनच थेट जंतूंची जनुकं वाचायची नवी पद्धत तिथे करून बघत होते, म्हणून निकालाला आठ-दहा दिवस लागणार होते.

त्याच संध्याकाळी काकूंनी आपलं ताट-वाटी वेगळं केलं आणि अंथरूण मागच्या खोलीत नेलं. "माझं काही का होईना, ह्यांना लागायला नको." काका स्वयंपाकघरात एकटे जेवायला बसले, काकू व्हरांड्यात. भाजीला मीठ आहे का, हे एकमेकांना ओरडून विचारत होते.

सकाळी काकाच डबी घेऊन जिन्याच्या तळाशी उभे होते. दोन पिशव्यांत गुंडाळलेली, वर रबर. "माझा गुडघा धरलाय. तू पोचव." मी ई-रिक्षाने जाऊन ती दिली. तिथल्या ताईंनी माझ्यासमोर तिच्यावर नंबर चिकटवला. मला माणसांचे वाढदिवस लक्षात राहत नाहीत, पण नमुन्यांचे नंबर डोक्यात खिळ्यासारखे बसतात.

आठवड्याने कामाची नवी यादी आली. एरवी माझ्याकडे दूरच्या राज्यांचे नमुने असतात. यादीत नावं नसतातच, फक्त नंबर, वय, बाई की पुरुष. खाली सरकता सरकता ताईंनी डबीवर चिकटवलेला तो नंबर समोर आला. टीबीचे जंतू होते. भरपूर होते.

त्याच ओळीत पुढे एक लाल खूण होती. थुंकीत जंतूंबरोबर त्या माणसाच्या पेशीही येतात. त्यांची माहिती आम्ही गाळून टाकतो, पण टाकण्याआधी संगणक एवढंच बघतो की ती बाईची आहे की पुरुषाची. डब्यांची अदलाबदल झाली असेल तर तिथे कळते. कागदावर बाई लिहिलेलं होतं. थुंकी पुरुषाची होती.

माझं डोकंच फिरलं. प्रयोगशाळेला झणझणीत निरोप लिहायला घेतला, साध्या डब्या सांभाळता येत नाहीत का तुम्हाला, वगैरे. पाठवणार, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून खोकला आला. काकूंचा खोकला कोरडा आणि बारीक होता. हा ओला, पोटातून वर येणारा, मग रुमालात दाबलेला. दोन महिने मी तो ऐकत होते आणि काकांच्या विडीच्या खात्यावर टाकत होते. दुसऱ्यांच्या गावातले जंतू शोधणारी मी! मला माझीच लाज वाटली. निरोप पुसून टाकला.

दुसऱ्या शहरातल्या माझ्या वरिष्ठ बाईंना फोन केला. हा नमुना माझ्या ओळखीच्या घरातला आहे, असं सांगितल्यावर त्यांनी आधी तो नमुना माझ्याकडून काढून घेतला. मग म्हणाल्या, प्रयोगशाळा नमुना खराब ठरवेल आणि त्या बाईंकडून नवीन मागवेल.

"आणि तो स्वच्छ निघाला तर सगळे सुटलो म्हणतील," मी जवळजवळ ओरडलेच. "थुंकी ज्याची आहे, तो माणूस तसाच खोकत राहील!"

"यादीतलं एक अक्षर त्या घरात बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण खोकणाऱ्या शेजाऱ्याला दवाखान्यात चला म्हणायला तुला कुणाची परवानगी लागते?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंना केंद्रातून फोन आला. नमुना खराब निघाला, पुन्हा द्या. काकू चक्रावल्या. "खराब कसा? मी नीट दिला होता. खिडकीत ठेवलेली डबी ह्यांनीच तर उचलली." काका पेपरात तोंड घालून बसले होते.

"काका, आता तुम्हीही द्या," मी म्हणाले. "घरात एकाची तपासणी निघाली की दुसऱ्यानेही करायची असते."

"मला काय धाड भरलीय? तीस साल फौजेत काढली. छाती पोलाद आहे."

"पोलाद आहे, तर डबीत थुंकायला घाबरता कशाला?"

बोलून गेले आणि जीभ चावली. वडिलांच्या वयाचा माणूस. काका माझ्यावर भडकतील असं वाटलं, पण त्यांनी पेपराची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"ती डबी माझी होती," ते म्हणाले. "हिची मी ओतून दिली. डबी उकळत्या पाण्यानं धुतली, पुसली, आणि मी भरली."

"अहो, पण कशासाठी?" काकूंचा आवाज चिरकला.

"म्हटलं, मला तर काही नाही. माझी गेली की रिपोर्ट साफ येईल. तुला काही निघालंय, हे ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती."

"आणि मला खरंच असता तर? विनाऔषधाची मेले असते की मी!"

"एवढा पुढचा विचार नाही केला."

काकू उठून मागच्या खोलीत गेल्या. तासभर भांडी आपटल्याचे आवाज येत होते. मी आणि काका शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखे बसून होतो. चिडावं की ह्या माणसाला मिठी मारावी, मला ठरवता येईना.

सकाळी दोघांच्या दोन डब्या गेल्या. या वेळी काकूंनी काकांना बाथरूमच्या दारात उभं करून समोर भरायला लावलं आणि झाकणं स्वतः लावली. काकांचा एक्स-रेही काढला.

निकालाला मी सोबत गेले, शेजारीण म्हणून. तोंडाला मास्क लावून आम्ही तिघं बाकावर बसलो. ताईंनी आधी काकांना बोलावलं. टीबी आहे, काही महिने रोज गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही, बरा होतो. काका ताठ उभे राहून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"और इनका?"

"इनका साफ है. दाग किसी पुराने इन्फेक्शन का है, बस."

काकांचे खांदे एकदम खाली आले. मास्कच्या वर डोळे बारीक झाले, हसले ते. "चला," आमच्याकडे वळून म्हणाले, "मग काही झालंच नाही."

काकूंनी हातातली पिशवी उचलून त्यांच्या पाठीत घातली, सगळ्या लोकांसमोर, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.